दोघांत पाच

हायवेवरच्या दुकानातला 'दोघांसाठी'चा डबा जे ठरवतात, त्या तुम्हांला,



तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या कंपनीचं माहीत आहे, पण ते इथे लिहिणार नाही. लिहायची गरजही नाही. 'दोघांसाठी' असं ठळक छापलेल्या डब्यात पाच तुकडे असतात, एवढं म्हटलं तरी पत्र कुणाला आहे ते तुम्हांला कळेल.

पूर्वी सहा असायचे. तेही तुम्हांला ठाऊक आहे.

गेल्या श्रावणात नाशिकहून माझी नातवंडं आली होती. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. इगतपुरीच्या पावसात आठ-आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. घरात कोंडलेली पोरं कंटाळली, म्हणून त्यांना घेऊन तुमच्याकडे आलो. पाटीवरच्या चित्रावर बोट त्यांनीच ठेवलं. दोन कोल्ड्रिंक, फ्राइज आणि पनीरचे तळलेले तुकडे. वर लिहिलेलं, 'दोघांसाठी'. आदल्या वर्षी हाच डबा घेतला होता.

थोरलीने डबा उघडला आणि वाटायला घेतलं. तुला एक, मला एक. तुला एक, मला एक. मग तिचा हात थांबला. तिने डब्यातला कागद उचलून खाली पाहिलं. म्हणाली, "आजोबा, एक कुठे पडला का?"

मी वाकून टेबलाखाली पाहिलं. या वयात, गुडघे दुखत असताना, खरोखर खाली वाकून पाहिलं. कमी दिला असेल ही शंका मला आली नाही. पडलाच असेल असं वाटलं.

काउंटरवर गेलो. तिथला मुलगा घोटीकडचा. त्याने मान वर न करता सांगितलं, "बाबा, आता पाचच येतात. झालं की वर्ष." पाटीवरचं चित्र पुन्हा पाहिलं. तुकडे असे रचलेत की मोजता येत नाहीत. चष्मा लावून दोनदा मोजायचा प्रयत्न केला.

मला सांगा, दोघांत पाच कसे वाटायचे? ठरवताना तुम्ही कुणाला विचारलंत? ज्या खोलीत हे ठरलं, तिथे भाऊ-बहीण असलेलं कुणीच नव्हतं का? आकडा बदलायचाच होता, तर 'दोघांसाठी' हे शब्द का ठेवलेत?

तुमच्याकडे सगळ्याची उत्तरं तयार असतील. मीही तळणाच्या धंद्यातच वाढलो, म्हणून काही उत्तरं मला आधीच कळतात.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, इगतपुरीच्या फलाटावर बटाटेवडे विकायचे. परवाना दुसऱ्याचा, वड्यांची पाटी आमची. पहाटे तीनला आई बटाटे उकडायला ठेवायची. पहिला घाणा काढला की अण्णा झारा टेकवून गाडीची शिट्टी ऐकायचे. 1865 साली थळ घाटातून रूळ वर आले तेव्हापासून हे गाव गाडीच्या थांबण्यावर जगत आलं. घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. कसाऱ्याला मागून लावलेली बँकर इंजिनं इथे सोडायची. पुढे विजेची गाडी आली, तर मुंबईकडची वीज डीसी आणि इकडची एसी, म्हणून इंजिनच बदलायला लागायचं. गाडी थांबायची म्हणून माणसं खाली उतरायची. माणसं उतरायची म्हणून आमच्या घरात चूल पेटायची.

आता तुम्हीच विचार करा. गाडी सुटली की गिऱ्हाईक गेलं. ते पुन्हा आयुष्यात दिसेल याचा भरवसा नाही. तक्रार करायला ते परत येणार नाही. फसवायचं तर खिडकीतून घाईत दिलेल्या पुड्यापेक्षा सोपं ठिकाण कोणतं? अण्णा मात्र पुडा हातात देताना म्हणायचे, "आधी मोजा." ओरडून म्हणायचे, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं.

त्यांच्याकडे जोडीचा भाव होता, आणि सुट्या एका वड्याचाही होता. जोडी घेतली की तळलेली मिरची वर. पण एकच मागणाऱ्याला 'जोडीच घ्यावी लागेल' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. एक बाई आणि दोन पोरं दिसली तर तीन बांधायचे. पैसे कमी पडत असले तर दोनच बांधायचे, पण एकाचे नीट दोन भाग करून, म्हणजे पोरांची भांडणं नकोत. माणसं बघून मोजायचं, हा त्यांचा हिशोब.

एकदा पंजाब मेलला गर्दीत एका पुड्यात एक वडा कमी गेला. गाडी हलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हातात वडा घेऊन ते फलाटाच्या टोकापर्यंत पळाले. गाडी गाठली नाही. घरी येऊन आईला सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून आठवतं. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. एका वड्यासाठी इतकं काय, असं मला वाटलं होतं.

तुम्ही एका तुकड्यासाठी धावावं असं मी म्हणत नाही. तुमची तर गाडीही सुटलेली नव्हती. आम्ही तुमच्यासमोर बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, विषम आकडा तर आपल्याकडे शुभ. खरं आहे. गणपतीला 21 मोदक, आहेराच्या पाकिटात 101 रुपये, ओटीत पाच फळं. वरचा एक रुपया ठेवतात तो व्यवहार तिथेच संपू नये, नातं पुढे चालावं म्हणून. पण ते झालं देवाचं आणि देण्याघेण्याचं. जेवणाच्या पानात आमच्या आईने तीन पोळ्या एकदम कधी वाढल्या नाहीत. दोन वाढायची, मग थांबून एक. तीन एकदम वाढू नयेत, हे तिच्या आईने तिला सांगितलेलं. आमच्याकडचा वरचा एक नेहमी द्यायचा म्हणून वर असतो. तुमच्या पाचात वरचं काय आहे? तिथे एक काढून घेतलेला आहे.

रेल्वेचंही उदाहरण तुम्ही द्याल, म्हणून ते मीच देतो. जनता खाना म्हणून रेल्वे वर्षानुवर्षं जे जेवण देत आली, त्यात सात पुऱ्या असतात. 2023 मध्ये जनरल डब्यातल्या प्रवाशांसाठी 20 रुपयांचं स्वस्त जेवण फलाटावर, डब्याच्या समोर मिळायला लागलं, त्यातही सातच. मध्य रेल्वेने ज्या स्थानकांवर ते सुरू केलं, त्यांत आमचं इगतपुरी आहे. सात का, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. सहा नाही, आठ नाही, सातच कशासाठी?

मग तक्ता पाहिला. सात पुऱ्या, 175 ग्रॅम. बटाट्याची सुकी भाजी, 150 ग्रॅम. सोबत लोणचं. म्हणजे पुरी 25 ग्रॅमची, आणि वजन भरेपर्यंत पुऱ्या. आकडा वजनातून आला. तो तक्त्यात लिहिलेला आहे. कुणीही काटा घेऊन फलाटावर उभं राहावं आणि तोलून बघावं. आणि ते जेवण एका माणसाचं आहे. दोघांचं म्हणून ते कधी विकलं गेलं नाही. जनरल डब्यात नवरा-बायको ते साडेतीन-साडेतीन करून खातात, ते त्यांच्या गरिबीमुळे. त्यांना कुणी खोटं सांगितलेलं नसतं.

आपल्या राज्याची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली, दहा रुपयांत. दोन चपात्या, प्रत्येकी 30 ग्रॅमची. भाजी 100 ग्रॅम, भात 150, वरण 100. त्या थाळीवर लोकांनी पुष्कळ टीका केली. पण दहा रुपयांच्या थाळीत ग्रॅमपर्यंत सगळं लिहिलेलं असतं, आणि तुमच्या कित्येक पटीने महाग डब्यावर तुकड्यांचा आकडासुद्धा नसतो, हे तुम्हांला खटकत नाही?

जगातही आकडे असे आपोआप जुळेनासे होतात, हे मला मान्य आहे. अमेरिकेत सॉसेज पौंडाच्या वजनाने दहाच्या पाकिटात येतात आणि त्यांचे पाव भट्टीतल्या पत्र्याच्या मापाने आठाच्या, त्यामुळे तिथल्या घरांत दोन सॉसेज कायम उरतात. त्यात कुणाचा कावा नाही, दोन धंद्यांची दोन मापं आहेत. इंग्लंडात तेराव्या शतकात वजनात मारणाऱ्या पाववाल्याला शिक्षा करणारा कायदा झाला. तेव्हापासून पाववाले डझनावर एक जास्त द्यायला लागले असं म्हणतात. तिथे 'पाववाल्याचा डझन' म्हणजे तेरा. तोही विषम आकडाच. पण तो कमी जाऊ नये या धास्तीतून आला.

मॅकडॉनल्ड्सच्या चिकनच्या तुकड्यांवरून तर गणितात एक कोडं प्रसिद्ध आहे. डबे 6, 9 आणि 20 चेच मिळत असतील तर नेमके किती तुकडे घेता येणार नाहीत? सगळ्यात मोठा असा आकडा 43. त्याच्यापुढचा कुठलाही आकडा ते डबे जुळवून मिळतो. नातीला हे सांगितलं तर ती वहीत तासभर डबे मांडत बसली. आणि मग मला विचारलं, "पण आजोबा, आपल्याला सहाच हवे होते. पाचाच्या डब्यांतून सहा कधीच होणार नाहीत ना?"

नाही होणार. दहा होतील. म्हणजे दोघांत सारखं वाटायचं तर दुसरा डबा घ्यायचा. तुम्ही म्हणाल, तसा हेतू नव्हता. मी मानतो. पण त्या संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या बापाने काय केलं, ते मी पाहिलं. पोरांची ओढाताण सुरू झाली, तसा तो उठला आणि दुसरा डबा घेऊन आला. तुमच्या हिशोबात ती विक्री म्हणून गेली असेल. ती विक्री भांडणातून आली, हे त्या हिशोबात कुठे लिहिता?

तेल महागलं, हे उत्तर तर तुमच्या ओठांवरच असेल. तेलाचं दुखणं मला नका सांगू. आमच्या घरात तेलाच्या डब्यावर महिन्याचा हिशोब ठरायचा. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. तुमच्या काउंटरवरच्या मुलाने सांगितलेल्या 'वर्षभरा'शी ते जुळतं. ठीक, तेव्हा एक तुकडा काढलात असं धरू. मग मे 2025 च्या शेवटी तेच शुल्क 10 टक्क्यांवर आलं. तेव्हा सहावा परत आला का? निदान अर्धा?

भाव वाढवला असता तर मी एवढा दुखावलो नसतो. वाढलेला भाव दिसतो. माणूस खिसा चाचपतो, परवडत नसेल तर घरी जाऊन पोरांना थालीपीठ करून घालतो. अण्णांनीही भाव वाढवले. वाढवायच्या आधी आठवडाभर सगळ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, 'एक तारखेपासून वाढणार.' तुम्ही भाव तसाच ठेवलात, डबा तेवढाच ठेवलात, चित्र तेच ठेवलंत, 'दोघांसाठी' तेच ठेवलंत. आतून एक काढलात. डब्यात सहा तुकडे बसतील एवढी जागा आजही आहे. त्या जागेमुळेच तर मी टेबलाखाली पाहिलं.

कायद्याने तुमचं काही चुकलेलं नाही, हेही मी पाहून घेतलं. पाकिटबंद मालावर वजन, नग, किंमत लिहायची सक्ती करणारे 2011 चे नियम आहेत. त्याच नियमांत हॉटेल-उपाहारगृहाने बांधून दिलेल्या फास्ट फूडला सूट आहे, चक्क त्या नावाने. गल्लीतल्या वाण्याकडच्या पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर वजन हवं, तुमच्या डब्यावर नको. नोव्हेंबर 2021 मध्ये त्या नियमांत दुरुस्ती करून बिस्किट, तेल, चहा वगैरेंच्या ठरावीक वजनांची यादीच काढून टाकली, तेव्हापासून तेलाची पिशवीही लिटरची दिसते आणि आत लिटर नसतं. पण तिथे निदान एका ग्रॅमची, एका मिलिलिटरची किंमत छापायची अट घातली. वाचणाऱ्याला वाचता येतं.

दहा किंवा जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पाटीवर कॅलरी आणि एका वाढपाचं प्रमाण लिहावं असाही नियम आहे. तुम्ही कॅलरी लिहिता. बारीक अक्षरात, पण लिहिता. पोराच्या पोटात किती कॅलरी जातात ते सांगता आणि हातात किती तुकडे पडतील ते सांगत नाही, हे कसं?

एप्रिल 2017 मध्ये रामविलास पासवान ग्राहक खात्याचे मंत्री असताना हॉटेलांनी प्लेटमध्ये किती नग देतो ते लिहावं, अशी चर्चा झाली होती. दोन इडल्या की चार, कोळंबी दोन की सहा, हे माणसाला आधी कळावं, अन्न आणि पैसा वाया जाऊ नये, असं म्हणणं होतं. हॉटेलवाल्यांनी आरडाओरडा केला. सरकारने ताटात डोकावू नये, आम्ही आपलं आपण बघतो, असा त्या विरोधाचा सूर होता. मला तेव्हा ते पटलंही होतं. तुमच्यासारख्यांवर विश्वास ठेवूनच पटलं होतं. फ्रान्समध्ये जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना पाटी लावावी लागते, की या मालाचं वजन कमी झालंय आणि त्यामानाने भाव वाढलाय. आमच्यासाठी तशी पाटी लावायला तुम्हांला कायदा लागतो का?

तुमचं दुकान आलं तेव्हा आम्हांला आनंद झाला होता, हे विसरू नका. गावातले काही म्हणाले, आता वडापाववाल्यांचं कसं होणार. मी वडेवाल्याचा मुलगा असून म्हणालो, येऊ द्या, पोरांना नोकऱ्या लागतील, स्वच्छ जागा मिळेल. नोकऱ्या लागल्या. जागा स्वच्छ आहे, संडास स्वच्छ आहे, हे मी दहा जणांना सांगितलंय. उद्घाटनाला तुम्ही फुगे लावले होते आणि 'तुमच्या कुटुंबाचं ठिकाण' असं लिहिलं होतं. त्या शब्दावर आम्ही आलो.

आता इथे इंजिनं बदलत नाहीत, गाड्या पूर्वीसारख्या रेंगाळत नाहीत. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा उघडला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या घाटाखाली उतरायला लागल्या. फलाटावरची पाटी उचलणारे थोडे उरले. माणसं थांबतात ती आता तुमच्यासारख्यांकडे. थांबलेल्या माणसाला खाऊ घालायचं या गावाचं काम तुमच्या हातात आलं. ते कुणी तुम्हांला सोपवलं नाही, पण आलं. ते करताना मोजून देणं तुम्ही का सोडलंत?

त्या दिवशी पाचव्या तुकड्याचं काय झालं, ते सांगतो. थोरलीने तो धाकट्यापुढे सरकवला. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं आणि परत तिच्यापुढे सरकवला. मी म्हटलं, अर्धा अर्धा करा. थोरली म्हणाली, "नको आजोबा, पोट भरलं." तिचं पोट भरलं नव्हतं. घरी आल्यावर तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तुकडा कागदात गुंडाळून आणला. सकाळी तो कडक झाला होता.

आता थोरली कुठेही गेली की आधी मोजते. लग्नात जिलब्या मोजते, वाण्याकडून आणलेल्या पुड्यातली बिस्किटं मोजते. तिची आई हसते, हुशार झाली म्हणते. मला तिच्याकडे बघवत नाही. अण्णा 'आधी मोजा' म्हणायचे ते देणारा म्हणून. घेणाऱ्या पोरीला ते स्वतःहून शिकावं लागलं.

मी भाव कमी करा म्हणत नाही. फुकटचा तुकडाही मागत नाही. डब्यावर आकडा छापा, मोठ्या अक्षरात, 'दोघांसाठी'च्या शेजारी. आकडा बदललात तर काउंटरवर महिनाभर तशी पाटी लावा, म्हणजे त्या घोटीकडच्या मुलाला तुमच्या वतीने मान खाली घालायला लागणार नाही. आणि एक सुटा तुकडा विकत जा. अण्णा सुटा वडा विकायचे, त्यांचा धंदा बुडाला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दोघं पुन्हा येणार आहेत. मी त्यांना तुमच्याकडेच आणणार आहे. 'दोघांसाठी'चा डबा घेईन आणि वर एक तुकडा सुटा मागेन, त्याचे वेगळे पैसे काउंटरवर ठेवून. त्या मुलाला नाही म्हणायला लावू नका.

आपला,
इगतपुरीचं एक गिऱ्हाईक